एकवीस फूट आणि पाव सेकंद

माझ्या बहिणीचा मुलगा ह्यूस्टनला असतो. एका हॉस्पिटलच्या आयटी विभागात काम करतो, आठवड्यातून तीनदा रात्रपाळी असते. गेल्या हिवाळ्यात त्याच्या बरोबरच्या एका मुलाला पार्किंगमध्ये चाकू दाखवून लुटलं. जिवावर बेतलं नाही, पाकीट आणि फोन गेला. त्याच रात्री माझा फोन वाजला. "मावशी, मी एक पिस्तूल घेऊन ठेवू का गं? टेक्ससमध्ये आता लायसन्सही लागत नाही म्हणे."

त्याचं ऐकीव ज्ञान अर्धं बरोबर होतं. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्ससमध्ये एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या आणि कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. पण "कायद्याने बंदी नसलेल्या" या तीन शब्दांतच त्याची गाडी अडते. तो एच-वन-बीवर आहे. स्थलांतरितांच्या व्हिसावर न आलेल्या, म्हणजे एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावरच्या परदेशी माणसाने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगणं हा अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, पण वकिलाला विचारल्याशिवाय कोणी त्यांच्या भरवशावर राहू नये. इथे नव्याने आलेल्या आपल्या कितीतरी मुलांना हे ठाऊकच नसतं आणि मित्राबरोबर हौसेने नेमबाजीच्या रेंजवर जाण्याआधीही ती चौकशी करत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिते.

हे ऐकून तो गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे माझ्या हातात काहीच नाही?"

त्याच्या या प्रश्नासाठी हे सगळं लिहायला घेतलं. मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे, मज्जातंतू आणि स्नायू हा माझा रोजचा विषय. काही वर्षांपूर्वी, अमेरिकेचं नागरिकत्व मिळाल्यावर, मी स्वसंरक्षणासाठी पिस्तूल चालवण्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलं. तिथे जे शिकले त्यातलं सर्वात मोलाचं पिस्तुलाबद्दल नव्हतंच. ते वेळेबद्दल होतं.

गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात प्रशिक्षकाने चुन्याने दोन रेघा मारल्या होत्या. मध्ये एकवीस फूट. एका रेघेवर मी, कमरेला होल्स्टर, त्यात लाल प्लास्टिकचं खोटं पिस्तूल, वरून शर्ट सोडलेला. दुसऱ्या रेघेवर पन्नाशीची एक बाई, साधे कॅनव्हासचे बूट, हातात रबरी चाकू. ती कधी निघेल ते मला सांगणार नव्हते. ती निघाली की मी पिस्तूल काढून तिच्यावर रोखायचं, एवढंच. घरी आरशासमोर शंभर वेळा केलेली गोष्ट. ती निघाली. मला कळलं तेव्हा तिची दोन पावलं पडून गेली होती. डाव्या हाताने शर्ट वर ओढला, उजवा हात मुठीवर गेला, पण शर्टाचा काठ मुठीखाली अडकला. मी तो सोडवत असतानाच रबराचं टोक माझ्या बरगड्यांना लागलं. पिस्तूल तेव्हा अर्धंच बाहेर आलं होतं. त्या बाईला धापसुद्धा लागली नव्हती.

हे एकवीस फूट कुठून आले, त्याची गोष्ट सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलातली आहे. तिथे डेनिस ट्यूलर नावाचे अधिकारी शस्त्रप्रशिक्षक होते. चाकू घेतलेला माणूस किती जवळ आला म्हणजे धोक्याचा समजायचा, असा प्रश्न त्यांच्यापुढे आला. अंदाजाने उत्तर देण्याऐवजी त्यांनी घड्याळ लावलं. सात यार्ड, म्हणजे एकवीस फूट, म्हणजे साधारण ६.४ मीटर. निरनिराळ्या वयाच्या आणि बांध्याच्या लोकांना एवढं अंतर पळायला लावलं, तर सरासरी दीड सेकंद लागला. आणि कमरेचं उघडं पिस्तूल काढून तेवढ्या अंतरावरच्या लक्ष्यावर दोन गोळ्या मारायला तयारीच्या माणसाला त्या काळच्या मापाने लागत होता तोही दीड सेकंदच. १९८३ साली त्यांनी हे एका मासिकात लिहिलं आणि तो आकडा अमेरिकाभर पसरला.

पसरताना तो बिघडला. ट्यूलर यांचं म्हणणं होतं की एवढ्या अंतरावरचा चाकूवाला तुम्ही समजता त्यापेक्षा जवळ आहे, तेव्हा आधीच मागे व्हा, आडोसा धरा. लोकांनी त्याचा "एकवीस फुटांचा नियम" करून टाकला, जणू त्या रेघेच्या आत पाऊल पडलं की गोळी घालायला मोकळीक. ट्यूलर यांनी स्वतः त्याला नियम म्हटलं नव्हतं. पुढे २०१६ मध्ये अमेरिकेतल्या पोलीस अधिकाऱ्यांच्या एका मोठ्या संशोधन संस्थेने स्पष्टच सांगितलं, की हा तथाकथित नियम सोडा आणि त्याऐवजी तीन गोष्टी शिकवा: अंतर, आडोसा, वेळ. मला यातलं "वेळ" सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण अंतर आणि आडोसा हे दोन्ही वेळ विकत घेण्याचेच मार्ग आहेत.

ही वेळ शरीरात कुठे जाते, ते आता बघू.

घरातली शाळेची ३० सेंटीमीटरची पट्टी घ्या. कुणाला तरी ती वरून उभी धरायला सांगा, शून्य खाली. तुमचा अंगठा आणि तर्जनी शून्यापाशी, न टेकवता. समोरच्याने न सांगता पट्टी सोडायची, तुम्ही पकडायची. २० सेंटीमीटरवर पकडली तर तुम्हाला ०.२ सेकंद लागले. पूर्ण ३० सेंटीमीटर निसटली तर पाव सेकंद. तरुण, धडधाकट, लक्ष देऊन बसलेल्या माणसाचाही आकडा बहुधा यांच्या दरम्यानच येतो. सरावाने तो थोडा उतरतो आणि मग अडतो. धावण्याच्या शर्यतीत बंदुकीच्या आवाजानंतर ०.१ सेकंदाच्या आत जो निघाला त्याला "आधीच निघाला" असं धरतात, कारण खरोखर आवाज ऐकून इतक्या लवकर कुणीच निघू शकत नाही, असं गृहीत धरलेलं आहे. तेही कानाच्या बाबतीत, आणि कान डोळ्यापेक्षा चपळ असतो.

पेशंटना वाटतं की नसांमधून संदेश विजेसारखा क्षणात जातो. तसं नाही. १८५० मध्ये हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने बेडकाच्या नसेत संदेशाचा वेग मोजला, तो निघाला सेकंदाला सुमारे २७ मीटर. माणसाच्या हाताच्या नसेत तो साधारण पन्नास-साठ मीटर असतो. मानेपासून बोटापर्यंत एक मीटर धरलं तर सेकंदाचा पन्नासावा हिस्सा. म्हणजे पाव सेकंदातला फार थोडा वाटा नसांचा. बाकीचा वेळ मेंदू खातो: दिसलं ते काय आहे हे ओळखण्यात आणि आता काय करायचं हे ठरवण्यात.

तेही पट्टीवरच बघता येतं. आता सोडणाऱ्याने सोडताना "लाल" किंवा "निळा" म्हणायचं. लाल म्हटलं तर पकडायची, निळा म्हटलं तर पडू द्यायची. लाल असूनसुद्धा पट्टी बोटांतून निसटून जमिनीवर पडते, बघा. १८६८ मध्ये डॉन्डर्स या डच वैद्याने हाच फरक मोजला होता: एकच ठरलेली कृती करायची असेल तर वेळ कमी, दोनांतून निवडायची असेल तर जास्त. १९५२ मध्ये विल्यम हिक यांनी दाखवलं की पर्याय वाढत जातात तसा निवडीचा वेळही वाढत जातो. पार्किंगमध्ये समोरून झपाझप येणाऱ्या माणसाबद्दल पर्याय किती असतात? तो घाईत आहे, रस्ता विचारतोय, ओळखीचा आहे, दारू प्यालाय, चाकू आहे, फोन आहे. मी पळू, ओरडू, थांबू, पाकीट देऊ? आणि खिशात पिस्तूल असेल तर पर्यायांत आणखी एकाची भर, तोही परत न घेता येणारा.

मैदानावरच्या त्या बाईलाही दीड सेकंदच लागला असं धरलं, तर दर पाव सेकंदाला ती साधारण एक मीटर जवळ येत होती. मी फक्त "अरे, ही निघाली" इतकं समजेपर्यंत एक मीटर संपलेलं.

मग चपळ माणसं काय वेगळं करतात? हे आपल्याला क्रिकेटवरून पटकन कळेल. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू गोलंदाजाच्या हातातून बॅटपर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आत पोचतो. १९८७ साली पीटर मॅक्लाउड या मानसशास्त्रज्ञाने आंतरराष्ट्रीय दर्जाच्या फलंदाजांना अशा मॅटवर खेळवलं, जिच्याखाली लाकडी दांड्या होत्या. टप्पा पडल्यावर चेंडू कुठेही वळायचा. चेंडू वळल्यानंतर बॅटची दिशा बदलायला या फलंदाजांनाही सुमारे ०.२ सेकंद लागत होते, म्हणजे तुमच्या-माझ्याइतकेच! त्यांची किमया हात हलवण्यात नसते. ते आधी बघतात. गोलंदाजाचं मनगट, खांदा, शिवण, उडीची लय यावरून चेंडू कुठे पडणार हे त्यांना सुटण्याआधीच बरंचसं उमगलेलं असतं, आणि त्यांची नजर टप्प्याच्या जागी चेंडूच्या आधी जाऊन थांबते. मैदानावर कोच पोरांना ओरडून सांगतात, "बॉल हातातून बघ रे!" ते हेच.

मला मैदानावर तिसऱ्या फेरीत हे कळलं. दुसऱ्या फेरीत प्रशिक्षकाने मला एका प्लास्टिकच्या पिंपाशेजारी उभं केलं आणि सांगितलं, पिस्तुलाचा विचार नंतर, आधी पिंपाच्या मागे जा. तेवढं केलं आणि त्या बाईला वळसा घालावा लागला. पिस्तूल निवांत बाहेर आलं. तिसऱ्या फेरीत मी तिच्या हाताकडे बघणं सोडून सगळ्या अंगाकडे बघितलं. निघण्याआधी तिची मागची टाच उचलली जात होती आणि डावा खांदा किंचित खाली येत होता. टाच उचलली की मी सरकायची. पहिलं पाऊल पडेपर्यंत मी रेघेवर नव्हतेच.

माझ्या नसांचा वेग तोच होता. हात तोच, शर्ट तोच.

आधी बघण्याच्या या कलेला इंग्रजीत मोठी नावं आहेत. आपल्या भाषेत नेमके शब्द पूर्वीपासून आहेत: चाहूल लागणे, उमगणे, अदमास बांधणे. मिका एंड्सली या अमेरिकन संशोधिकेने १९९५ मध्ये, मुख्यतः वैमानिकांच्या संदर्भात, परिस्थितीच्या जाणिवेच्या ज्या तीन पायऱ्या मांडल्या त्या थेट याच आहेत. भोवती काय आहे हे टिपणं, त्याचा अर्थ लावणं, आणि पुढे काय होईल हे ताडणं. बहुतेकांची पहिलीच पायरी चुकते, कारण आपण तिथे नसतोच. १९९९ मध्ये सायमन्स आणि शॅब्री यांनी एक व्हिडिओ दाखवून लोकांना चेंडूचे पास मोजायला लावले. मधूनच गोरिलाच्या वेषातली व्यक्ती चालत आली, छाती बडवून गेली. जवळजवळ निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही. त्यांचे डोळे उघडे होते, पण लक्ष मोजण्यात अडकलेलं होतं. पार्किंगमध्ये फोनवर मेसेज वाचत चालणाऱ्याचंही तेच होतं.

पिस्तूलशिक्षणात हे रुजवलं जेफ कूपर यांनी. हे अमेरिकेच्या मरीन या सैन्यदलातले, १९७६ मध्ये ॲरिझोनात त्यांनी पिस्तूल शिकवणारी शाळा काढली. त्यांनी मनाच्या चार अवस्थांना रंग दिले. पांढरा म्हणजे बेसावध. पिवळा म्हणजे निवांत पण जागा. नारिंगी म्हणजे एका विशिष्ट गोष्टीवर नजर गेली आहे आणि "त्याने अमुक केलं तर मी तमुक करेन" हे ठरलं आहे. लाल म्हणजे करायची वेळ आली. कूपर बजावून सांगत की हे रंग धोक्याचे नाहीत, तुमच्या मनाचे आहेत. मला त्यातला नारिंगी सगळ्यात उपयोगी वाटतो, कारण तो हिक आणि डॉन्डर्स यांच्या अडचणीवरचा उपाय आहे. दहा पर्यायांतला एक आधीच ठरवून ठेवला, तर ऐन वेळी निवड करावी लागत नाही.

सतत पिवळ्यात राहणं थकवणारं असतं, असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. मुंबईच्या लोकलमधून वर्षानुवर्षं प्रवास करणारी कुठलीही बाई पिवळ्यातच असते. कुठल्या डब्यात चढायचं, कोण मुद्दाम रेलतंय, रात्री रिकाम्या डब्याऐवजी पोलीस असलेला डबा कसा निवडायचा, हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. तिने पर्स छातीशी धरलेली असते आणि ती मैत्रिणीशी हसत बोलतही असते. परदेशात आल्यावर रुंद रस्ते आणि शांत गल्ल्या बघून आपण ती सवय विमानतळावरच सोडतो.

आता पिस्तुलाची दुसरी बाजू. माझ्या मनाला हीच सगळ्यात जास्त लागते. पाव सेकंद सुरू करायला लागतो तसाच थांबायलाही लागतो.

४ फेब्रुवारी १९९९, मध्यरात्रीनंतरची वेळ, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातली व्हीलर ॲव्हेन्यू. गिनी देशातून आलेला तेवीस वर्षांचा अमादू डियालो आपल्या इमारतीच्या दारात उभा होता. साध्या कपड्यांतल्या चार पोलिसांनी त्याला हटकलं. त्याने खिशातून काहीतरी काढलं. एकाला ते पिस्तूल वाटलं. गोळीबारात एक पोलीस पायऱ्यांवरून मागे पडला आणि बाकीच्यांना वाटलं त्याला गोळी लागली. एकूण ४१ गोळ्या झाडल्या गेल्या, १९ लागल्या. डियालोच्या हातात पाकीट होतं. फेब्रुवारी २००० मध्ये चारही पोलीस निर्दोष सुटले.

त्यांना सोडायला हवं होतं का, यावर अमेरिकेत आजही लोक तावातावाने बोलतात, आणि त्यात वर्णाचा प्रश्न आहे तो खराच आहे. एका काळ्या तरुणाच्या हातातली वस्तू पिस्तूलच वाटावी, हा "ओळखण्याचा" टप्पा कोऱ्या मनाने होत नसतो. मी इथे फक्त वेळेचा हिशेब मांडते. सेकंदाला चार गोळ्या झाडणं साध्या पिस्तुलातून सहज जमतं. धोका संपला हे दिसून, उमगून, बोट थांबायला अर्धा सेकंद लागला तर तेवढ्यात दोन गोळ्या जास्त सुटतात, झाडणाऱ्याची इच्छा नसतानाही. चार जण असले तर आठ. भीतीने नजरेला झापडं लागतात, आवाज ऐकू येईनासे होतात, आणि दुसऱ्याच्या पिस्तुलाचा आवाज आपल्यावरचा हल्ला वाटतो. मग एकाची चूक दुसऱ्याला पुरावा वाटते. पाकीट ओळखायला लागणारा वेळ त्या चौघांनी स्वतःला दिलाच नव्हता. ते थोडे मागे थांबले असते, गाडीच्या आडून बोलले असते, तर तो वेळ त्यांना मिळाला असता आणि डियालोलाही.

म्हणून ज्याच्या कमरेला पिस्तूल आहे त्याने रिकाम्या हाताच्या माणसापेक्षा कितीतरी आधी बघायला हवं. रिकाम्या हाताचा माणूस घाबरून पळाला तर फार तर त्याचा गैरसमज होतो. हातात शस्त्र असताना तोच गैरसमज कुणाचा तरी जीव घेतो.

कायद्यातही वेळ येते. भारतात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जुन्या दंड संहितेतली ९६ ते १०६ ही कलमं ज्यांना ठाऊक आहेत त्यांना मजकूर ओळखीचा वाटेल. त्यात दोन मर्यादा स्पष्ट आहेत: संरक्षणासाठी गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांची किंवा इतर यंत्रणेची मदत मिळवायला वेळ असेल तर हा हक्कच उरत नाही. टेक्ससचा कायदा माघार घेण्याची सक्ती करत नाही, तिथली गणितं वेगळी आहेत. पण माघार घेता येत असताना ती न घेतलेल्या माणसाला कोर्टात आणि स्वतःच्या रात्रींत काय भोगावं लागतं, ते आमच्या प्रशिक्षकाने, निवृत्त पोलीस होते ते, एका दुपारी बसवून सांगितलं. त्यांच्या स्वतःच्या बाबतीत घडलेलं होतं. तो तपशील मी लिहिणार नाही.

भाच्याला मी फोनवर एवढं सगळं सांगितलं नाही. पट्टीचा खेळ सांगितला. त्याने रूममेटला धरून करून बघितला: नुसती पट्टी २२ सेंटीमीटरवर पकडली, आणि फोनवर मेसेज लिहिताना तीनदा हातातून निसटली. मग त्याच्या पार्किंगबद्दल विचारलं. गाडी कुठे लावतोस? तिसऱ्या मजल्यावर, खांबामागे, कारण तिथे नेहमी जागा असते. खांबामागे कुणी उभं असेल तर तुला ते किती फुटांवर दिसेल? त्याने दुसऱ्या दिवशी पावलं टाकून मोजलं. आठ फूट. लिफ्टसमोर लावली तर दाराच्या काचेतूनच गाडीच्या दोन्ही बाजू दिसतात, साठ फुटांवरून. आता तो तिथे लावतो, त्यासाठी वीस मिनिटं लवकर निघतो. दारातून बाहेर पडण्याआधी इयरफोन काढतो, किल्ली हातात घेतो, बॅग डाव्या खांद्यावर. काचेच्या आत उभा राहून एकदा सगळीकडे बघतो. काही खटकलं तर गार्डच्या टेबलाशी परत जायचं, हे आधीच ठरलेलं.

मार्चमध्ये पहाटे पाचला त्याचा फोन आला. काचेच्या आतूनच बोलत होता. त्याच्या गाडीशेजारी एक व्हॅन उभी होती, इंजिन सुरू, दिवे बंद, आत टोपी घातलेला माणूस. "मावशी, मी गार्डला बोलावलंय. तू फोनवर राहा." मी राहिले. गार्ड टॉर्च घेऊन गेला, व्हॅनची काच खाली झाली, थोडं बोलणं झालं. तेवढ्यात लिफ्ट उघडली आणि पाळी संपवून एक नर्स बाहेर आली. तो तिचा नवरा होता, तिला न्यायला आलेला. मांडीवर त्यांचं तान्हं झोपलं होतं, म्हणून दिवे बंद ठेवले होते.